ब्लॉकचेनमुळे तुमच्या रोजच्या कामात नेमके काय बदलले?

जमाखर्च

नमस्कार. मी गेली अठरा वर्षे हिशेबाचे काम करते. आमच्या एका परदेशी ग्राहकाने मागच्या महिन्यात कळवले की, यापुढे आमच्या बिलांची रक्कम बँकेमार्फत न पाठवता डॉलरशी मूल्य बांधलेल्या स्टेबलकॉइन या डिजिटल नाण्यात देण्याची त्यांची इच्छा आहे. संचालकांनी ते पत्र माझ्याकडे धाडले आणि समासात दोनच शब्द लिहिले : अभिप्राय द्यावा.

त्या दोन शब्दांपायी मी तीन आठवडे वाचते आहे. हाती लागते ते बहुतेक भावाच्या चढउताराविषयी असते. उरलेल्यात एक तर सारे जग बदलणार असे ठासून सांगणारे भेटतात, नाहीतर ही सगळी फसवणूक आहे म्हणून हात झटकणारे.

यामागची ब्लॉकचेनची मूळ कल्पना मला परकी वाटली नाही, हे आधी सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत मुख्य हिशेबनिसांच्या टेबलावर खोडरबर नसे. चुकलेली नोंद खोडायची नाही, ती तशीच दिसू द्यायची आणि पुढे उलट नोंद घालून तिचा परिणाम काढून टाकायचा, हा त्यांनी दिलेला पहिला धडा. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला, बिटकॉइन हे डिजिटल नाणे मांडणारा नऊ पानांचा निबंध वाचताना मला तेच टेबल आठवले. तिथली रोजकीर्द एका कचेरीत न राहता हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते, आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा उमटवलेला असतो, त्यामुळे मागचे एक पान बदलायचे तर त्यापुढची सगळी पाने नव्याने लिहावी लागतात.

ज्यांच्या कामात हे तंत्र प्रत्यक्ष आले आहे त्यांना माझे तीन प्रश्न आहेत. कोणते जुने काम खरोखर नाहीसे झाले? कोणते नवे काम मागे लागले? आणि चूक झाली की ती निस्तरायला कोण बसते? भावाची चर्चा या धाग्यावर नको, ही विनंती.

मुक्तकाम

मी तांत्रिक लेखन करतो आणि माझी दोन्ही मोठी कामे परदेशातून येतात. तीन वर्षांपासून एक ग्राहक स्टेबलकॉइनमध्ये पैसे देतो, दुसरा बँकेतून, त्यामुळे दोन्ही वाटा मी दर महिन्याला शेजारी शेजारी पाहतो.

बँकेची रक्कम मधल्या बँकांतून फिरत चार-पाच दिवसांनी पोचते आणि वाटेत किती कापले जाणार हे पैसे हातात येईपर्यंत कळत नाही. जागतिक बँकेच्या पाहणीत घरी पैसे पाठवणाऱ्या कामगारांना २०० डॉलरमागे सरासरी ६ टक्क्यांहून जास्त खर्च येतो असे अनेक वर्षे दिसत आले आहे. हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांवर आणण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. स्टेबलकॉइनची रक्कम मला काही मिनिटांत मिळते आणि किती मिळणार हे आधी ठाऊक असते. ‘पैसे पाठवलेत का हो?’ असे विचारणारी पत्रे लिहिण्याचे माझे एक काम खरोखर संपले.

नवे काम मात्र लागले. एकच नाणे अनेक नेटवर्कांवर, म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉकचेनवर, चालते, तेव्हा कोणत्या नेटवर्कवर पाठवायचे ते प्रत्येक बिलावर लिहावे लागते. पुढे त्या नाण्याचे रोजच्या चलनात रूपांतर करायचे, त्याचा दर आणि वेळ नोंदवून ठेवायची, कराच्या वेळी ती शोधायची, हेही आपल्यालाच करावे लागते. आणि पत्ते, म्हणजे खाते क्रमांकासारख्या अक्षरांच्या लांब ओळी, तपासायचे. मागच्या वर्षी माझ्या वॉलेटच्या, म्हणजे नाण्यांच्या डिजिटल पाकिटाच्या, यादीत शून्य रकमेचा एक व्यवहार दिसला. ज्या पत्त्यावर मी नेहमी पैसे वळवतो त्याचीच पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे होती, मधली सगळी वेगळी. कोणीतरी मुद्दाम तसा पत्ता घडवून माझ्या यादीत पेरून ठेवला होता. घाईत यादीतला सर्वांत वरचा पत्ता उचलायची मला सवय होती. त्या दिवशी रक्कम मोठी होती म्हणून मी बेचाळीसच्या बेचाळीस अक्षरे बोट ठेवून वाचली आणि वाचलो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. चुकीच्या पत्त्यावर पैसे गेले असते तर निस्तरायला कोणीही बसले नसते.

संशयात्मा

बावीस वर्षे डेटाबेसचे काम केल्यानंतरचे माझे स्पष्ट मत असे की, ‘आम्हाला ब्लॉकचेन हवी’ म्हणून येणाऱ्या बहुतेकांना प्रत्यक्षात एक नीट राखलेला सामाईक डेटाबेस आणि सह्या केलेल्या नोंदींची वही एवढेच पुरेसे असते.

ठशांची साखळी ही नाकामोतोंची स्वतःची युक्ती नव्हे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी १९९१ मध्येच कागदपत्रांवर न बदलता येणारी वेळ नोंदवण्यासाठी ती मांडली होती आणि नाकामोतोंनी निबंधात त्यांचे ऋण मान्य केले आहे. त्या दोघांच्या कंपनीने १९९५ पासून आठवड्याचा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. छापलेल्या वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्यावर मागची नोंद कोण बदलणार? एवढ्या स्वस्तात अपरिवर्तनीयता मिळते.

बिटकॉइनमधली नवी आणि महागडी गोष्ट वेगळी आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या, एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांनी कोणालाही मध्ये न बसवता ‘कोणती नोंद आधी?’ यावर एकमत करायचे, ही ती गोष्ट. मध्ये कोणी विश्वासाचा असेल तर तो खर्च कशासाठी? आणि स्टेबलकॉइनच्या मध्ये कोणी नाही असे समजू नका. नाणे काढणारी कंपनी मध्येच बसलेली असते आणि ती हवा तो पत्ता गोठवू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने व्यवहारांचा माग झाकणाऱ्या टॉर्नेडो कॅश या सेवेवर निर्बंध घातले तेव्हा यूएसडीसी हे स्टेबलकॉइन काढणाऱ्या सर्कल कंपनीने संबंधित पत्ते तत्काळ गोठवले होते.

नवशिक्या

ठसा म्हणजे नेमके काय? मला हे शब्द नवे आहेत, कृपया कोणी सोप्या भाषेत सांगावे.

संशयात्मा

@नवशिक्या, कितीही मोठा मजकूर एका ठरलेल्या गणिती कृतीतून काढला की ठरावीक लांबीचे एक चिन्ह मिळते, त्याला हॅश म्हणतात. बिटकॉइनमध्ये वापरतात ती कृती चौसष्ट अक्षरांचा हॅश देते. तोच मजकूर दिला की दर वेळी तेच चिन्ह मिळते, पण हजार पानांतला एक स्वल्पविराम काढला तरी सगळे चिन्ह बदलते, आणि चिन्हावरून मजकूर शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते.

बंदरवाट

मी मालवाहतुकीच्या कागदपत्रांचे काम पाहतो. आमच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये आणलेला ट्रेडलेन्स. जहाज कंपन्या, बंदरे आणि सीमाशुल्क खाती एकाच सामाईक नोंदवहीत लिहितील अशी कल्पना होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करण्याचे जाहीर झाले. तंत्र चालत होते, परंतु साऱ्या उद्योगाचे जे सहकार्य लागते ते मिळाले नाही, असे कारण मर्स्कनेच दिले. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. प्रतिस्पर्ध्याने मांडलेल्या चोपडीत आपला माल किती आणि कुठे चालला आहे ते कोण मनापासून लिहील?

मी स्वतः एका लहान गटाच्या अशाच नोंदवहीवर दोन वर्षे काम केले. आम्ही अकरा सहभागी होतो. एकदा पहाटेच्या पाळीतल्या माणसाने कंटेनरच्या सीलचा क्रमांक टाकताना शेवटचे दोन आकडे उलटसुलट केले. सील स्वतः दारावर लटकत होते, कोणीही जाऊन वाचू शकत होते, तरीही नोंदवहीतला क्रमांक सह्यांनिशी पक्का झाला होता आणि दुरुस्तीच्या नोंदीवर सगळ्यांची मान्यता लागत होती. नऊ दिवस गेले. आडात नसले तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मी त्या नऊ दिवसांत शिकलो. लिहिलेले बदलले गेले नाही याची हमी वही देते. लिहिलेले खरे होते का, ते दाराशी उभ्या असलेल्या माणसावरच अवलंबून राहते.

पण संशयात्मा, तुमच्याशी मी पूर्ण सहमत नाही. त्याच वहीमुळे एक प्रकारचे भांडण कायमचे थांबले. शीतकंटेनरमधल्या तापमानाची नोंद कोणत्या वेळी कोणाला पोचली यावर पूर्वी महिनोन्महिने पत्रव्यवहार चाले, कारण प्रत्येकजण आपापल्या संगणकातला कागद पुढे करी. नंतर तो वाद कोणी काढलाच नाही. तुमच्या सामाईक डेटाबेसमध्ये तो ठेवायचा कोणी यावरच आमचे अकराजण दोन बैठका भांडले असते.

संशयात्मा

डेटाबेस ठेवायचा कोणी यावरून जिथे घोडे अडते तिथे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. माझा आक्षेप असे अडणे नसतानाही ब्लॉकचेन आणणाऱ्यांवर आहे. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने व्यवहारपूर्तीची जुनी यंत्रणा बदलून वितरित नोंदवही आणण्याचे काम अनेक वर्षे केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते थांबवताना सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्ची टाकले. तिथे तर मध्ये एकच मान्य संस्था होती, ती म्हणजे स्वतः शेअर बाजार.

रेवती

वॉलमार्टचा आंब्यांचा प्रयोग इथे आठवतो. कापलेल्या आंब्यांचे एक पाकीट कोणत्या बागेतून आले हे जुन्या पद्धतीने शोधायला जवळपास सात दिवस लागले, तर सामाईक नोंदवहीतून २.२ सेकंद लागले. मात्र तो वेग साखळीमुळे आला की सगळ्या पुरवठादारांना एकाच पद्धतीने नोंदी करायला लावल्यामुळे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. माझा अंदाज दुसऱ्या कारणाकडे झुकतो.

तपासनीस

जमाखर्च, तुमचा दुसरा प्रश्न म्हणजे माझा व्यवसायच आहे. मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे ऑडिट करते. दहा वर्षांपूर्वी या कामाला नीटसे नावही नव्हते.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे साखळीवर ठेवलेला असा प्रोग्रॅम की जो अट पुरी झाली की ठरलेली रक्कम आपोआप देतो. कोणाची सही लागत नाही, आणि बहुतेक वेळा एकदा ठेवल्यावर तो बदलताही येत नाही. जून २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डीएओ’ या सामाईक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (तिथली नाणी) काढून घेतले गेले. तुमच्या भाषेत सांगायचे तर चूक रोखपालाची होती. तो पैसे आधी देत होता आणि नावे नंतर टाकत होता, म्हणजे खात्यातून वजा नंतर करत होता. काढणाऱ्याने पैसे हातात पडताच, नावे टाकले जाण्यापूर्वी, पुन्हा खिडकीशी हात पुढे केला. वहीत शिल्लक अजून जुनीच दिसत होती, म्हणून रोखपालाने पुन्हा दिले, आणि हे चक्र चालू राहिले. दोन ओळींचा क्रम उलटा असता तर हे घडले नसते. कोणताही जुना हिशेबनीस ‘आधी नोंद, मग रोकड’ म्हणून ओरडला असता, पण तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत हिशेबनीस नव्हता.

त्या वेळी निस्तरायला कोण बसले? इथेरियम चालवणाऱ्यांनी जुलै २०१६ मध्ये बहुमताने नोंदवहीच दोन वाटांना लावली आणि एका वाटेवर ते पैसे मूळ मालकांना परत केले. ज्यांना हे मान्य नव्हते ते जुन्या वाटेवर राहिले, ती साखळी इथेरियम क्लासिक नावाने आजही चालते. पण असा उपाय रोज करता येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या सामाईक वॉलेटांना आधार देणारा प्रोग्रॅम एकाने चुकून नष्ट केला आणि सुमारे ५ लाख १३ हजार इथर अडकले. ते कोणी चोरले नाहीत, सगळ्यांना ते दिसतात, आणि कोणालाही ते हलवता येत नाहीत.

माझे काम बरेचसे वाचण्याचे आहे. चारशे ओळींचा एक प्रोग्रॅम मी दोन आठवडे वाचते. प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारते की, ही ओळ मधेच कोणी पुन्हा हाक मारली तर काय होईल, रक्कम शून्य असली तर, बाहेरून येणारा दर एका क्षणापुरता खोटा असला तर. इतर क्षेत्रांत चूक ग्राहकाच्या तक्रारीतून कळते आणि पुढच्या आवृत्तीत सुधारते. इथे चूक कळते तेव्हा बहुधा तिजोरी रिकामी झालेली असते, म्हणून सारी काळजी आधीच्या पंधरवड्यात घ्यावी लागते.

कलम

वकील या नात्याने तपासनीस यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट या शब्दात करार असला तरी तो कायद्याच्या अर्थाने करार असेलच असे नाही. प्रोग्रॅमने जे केले ते दोन्ही पक्षांनी ठरवले होते का, हा प्रश्न न्यायालयापुढे उरतोच. त्यामुळे माझ्या अशिलांना मी सांगतो की, साध्या भाषेतला करार कागदावर करा आणि प्रोग्रॅम बिघडल्यास कोणता मजकूर ग्राह्य धरायचा ते त्यात लिहा.

बंदरवाट यांना आठवत असेल की, मालाचे भरतीपत्र ज्याच्या हातात, माल त्याच्या ताब्यात, असे कायदा शतकानुशतके मानत आला. इलेक्ट्रॉनिक कागद ‘हातात’ कसा असणार? संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये त्यासाठी नमुना कायदा केला, आणि ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक व्यापार दस्तऐवजांचा कायदा २० सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. मला वाटते, आपल्या व्यवसायात खरे दार त्या कायद्यांनी उघडले, तंत्र आधीपासून उंबरठ्यावर उभे होते.

स्टेबलकॉइनचेही तसेच आहे. युरोपीय संघाचे ‘मिका’ नियम जून २०२४ अखेर स्टेबलकॉइनला लागू झाले आणि अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये ‘जीनियस’ कायद्यावर सही झाली. नाण्यामागे किती राखीव निधी असावा, तो कशात ठेवावा आणि नाणे परत दिल्यावर पैसे कसे मिळावेत, हे आता कायद्यात येऊ लागले आहे. ग्राहकाने सुचवलेले नाणे कोण काढते आणि कोणत्या कायद्याखाली, हे जमाखर्च यांनी सर्वांत आधी विचारावे.

शुभदा_मनुष्यबळ

मी नोकरभरती पाहते. इथे माणसांविषयी अजून कोणी बोलले नाही म्हणून लिहिते.

या क्षेत्रातले बरेच उमेदवार टोपणनावाने काम करतात. माझ्यापुढे आलेल्या एका मुलीने चार वर्षे एका सामाईक प्रकल्पात उत्तम काम केले होते, तिने लिहिलेली प्रत्येक ओळ जगाला दिसत होती, पण अनुभवाचा दाखला देणारी कंपनीच अस्तित्वात नव्हती. आमच्या अर्जात ‘मागील संस्थेचे नाव’ हा रकाना सक्तीचा होता. शेवटी तिने तिच्या जुन्या पत्त्याच्या गुप्त डिजिटल किल्लीने आम्ही दिलेल्या एका वाक्यावर सही करून दाखवली आणि ते काम तिचेच असल्याचे पाच मिनिटांत सिद्ध झाले. कोणत्याही दाखल्यापेक्षा तो पुरावा मला भक्कम वाटला. त्यानंतर तो रकाना आम्ही ऐच्छिक केला.

दुसरी बाजूही पाहिली आहे. पगाराचा काही भाग कंपनीच्या स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे तिनेच काढलेल्या डिजिटल नाण्यात, आणि तोही चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार, अशा अटीवर लोक रुजू होतात. हातात येईपर्यंत त्याचे मोल किती उरेल हे कोणीच सांगू शकत नाही, पण घरभाडे मात्र दर महिन्याला द्यायचे असते. मी उमेदवारांना कळकळीने सांगते की, ज्यावर संसार चालतो तो पगार रोजच्या चलनातच ठरवून घ्या.

आणि भरतीच्या नावाखाली होणारी फसवणूक. मार्च २०२२ मध्ये रोनिन या ब्लॉकचेन नेटवर्कमधून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. नंतर आलेल्या वृत्तांनुसार त्याची सुरुवात एका अभियंत्याला पाठवलेल्या बनावट नोकरीच्या देकारपत्राने झाली. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ती चोरी उत्तर कोरियाच्या गटाची असल्याचे म्हटले. अनोळखी माणसाकडून आलेली फाईल कामाच्या संगणकावर उघडायची नाही, हे आता आमच्या पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणात असते.

निसर्गमित्र

विजेचा विषय निघालाच नाही. या नोंदवहीसाठी लागणारी वीज पाहता कोणताही व्यवसाय ती जबाबदारीने वापरू शकतो का?

मुक्तकाम

@निसर्गमित्र, बिटकॉइनला ती टीका लागू पडते, कारण तिथे पान लिहिण्याचा हक्क गणिती शर्यतीतून मिळतो आणि शर्यत विजेवर चालते. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती शर्यत बंद केली आणि ठेव ठेवणाऱ्यांना पाने लिहिण्याचे काम दिले. त्यामुळे तिथला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. व्यवसायांत वापरली जाणारी बहुतेक स्टेबलकॉइन अशाच, शर्यत नसलेल्या साखळ्यांवर चालतात.

जमाखर्च

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून दोन गोष्टींवर माझे बोट थांबले आहे.

पहिली गोष्ट ताब्याची. आमच्याकडे बँकेत पैसे पाठवताना एकजण व्यवहार तयार करतो, दुसरा तो मंजूर करतो, आणि महिनाअखेर ताळा तिसरा घेतो. वॉलेटची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची एक ओळ. ती ज्याच्याकडे, तो तिन्ही माणसे एकटाच झाला. डिजिटल नाण्यांच्या खरेदी-विक्रीची एफटीएक्स ही कंपनी नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाल्यावर नव्या प्रमुखांनी न्यायालयाला सांगितले होते की, तिथे खर्चाची मागणी चॅटवर येत असे आणि वरिष्ठ इमोजी टाकून ती मंजूर करीत. ते वाचताना मला धस्स झाले. जगातल्या सर्वांत काटेकोर नोंदवहीचा धंदा करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात साधे व्हाउचर नव्हते.

दुसरी गोष्ट वर्गीकरणाची. आंतरराष्ट्रीय लेखामानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने जून २०१९ मध्ये सांगितले की, बिटकॉइनसारखे नाणे रोख रक्कम नव्हे. ते विक्रीसाठी ठेवले असेल तर मालसाठा, एरवी अमूर्त मालमत्ता. पण तो निर्णय ज्या नाण्यामागे कोणाचे देणे नाही त्यापुरता आहे. स्टेबलकॉइनमागे कंपनीचे देणे असते. मग ते मी कोणत्या शीर्षाखाली घालू?

कलम

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाण्याच्या अटीपत्रकात आहे. नाणे परत देऊन दर्शनी किमतीने डॉलर मागण्याचा हक्क थेट तुम्हाला आहे की फक्त कंपनीच्या मोठ्या ग्राहकांना, ते वाचा. थेट हक्क असेल तर ते येण्याच्या (इतरांकडून यायच्या रकमेच्या) बाजूला घालण्याचा युक्तिवाद बळकट होतो. तुमच्या लेखापरीक्षकांचे मत आधी लेखी घ्या, वर्षअखेरीस नको.

संशयात्मा

त्या हक्काचे मोल कधी कळते ते सांगतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकले होते. शनिवार-रविवार बँका बंद होत्या आणि साखळी मात्र अखंड चालू होती, त्यामुळे नाणे डॉलरला ८८ सेंटच्याही खाली गेले. सरकारने ठेवींची हमी दिल्यावर सोमवारी ते सावरले. त्या शनिवारी ज्यांनी घाबरून विकले त्यांचे पैसे गेले ते गेलेच. साखळीवरचे डॉलर शेवटी कुठल्यातरी बँकेतच असतात.

तपासनीस

ताब्याच्या प्रश्नाला उत्तर आहे. तीन किल्ल्या तीन माणसांकडे ठेवायच्या आणि त्यांपैकी कोणत्याही दोघांनी सही केल्याशिवाय रक्कम हलणार नाही अशी व्यवस्था करायची, त्याला मल्टिसिग म्हणतात. तुमचे तयार करणारा आणि मंजूर करणारा हे दोघे त्यातून परत मिळतात. एक किल्ली हरवली तरी पैसे अडकत नाहीत.

पण ही व्यवस्था केली म्हणून डोळे मिटून बसू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या डिजिटल नाण्यांच्या एक्स्चेंजची सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली ती मल्टिसिग असतानाच झाली. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, सही मात्र वेगळ्याच व्यवहारावर होत होती, कारण पडदा दाखवणारा प्रोग्रॅमच बदललेला होता. म्हणून किल्ली वेगळ्या छोट्या यंत्रावर ठेवतात आणि संगणकावर काय दिसते त्यापेक्षा त्या यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर काय दिसते ते वाचतात. कंटाळवाणे काम आहे. मी ते दर वेळी करते.

मुक्तकाम

हिशेबाच्या दृष्टीने अजून एक. साखळीवरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. महिन्याच्या शेवटच्या रात्री आलेली रक्कम तुमच्या घड्याळाप्रमाणे एका महिन्यात आणि साखळीप्रमाणे दुसऱ्या महिन्यात पडू शकते. इथेरियमवर नोंद दिसल्यानंतर ती कायमची पक्की व्हायला सुमारे १३ मिनिटे लागतात, हेही लक्षात ठेवा. मी पहिल्या वर्षी हे न ठरवल्यामुळे चार बिलांचे दर पुन्हा काढावे लागले होते.

जमाखर्च

काल अभिप्राय दिला. ग्राहकाची विनंती सहा महिन्यांसाठी आणि एकूण येण्याच्या दहाव्या भागापुरती मान्य करावी, रक्कम आल्या दिवशीच चलनात रूपांतरित करावी, आणि नाणे काढणाऱ्या कंपनीचे अटीपत्रक कायदेशीर सल्लागारांनी वाचल्याशिवाय पहिले बिल पाठवू नये, असे लिहिले. दोन सह्यांची व्यवस्था केली आहे. एक किल्ली माझ्याकडे, एक खजिनदारांकडे, तिसरी मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये. वेळ जागतिक प्रमाणवेळेची धरायची आणि व्यवहार कायमचा पक्का झाल्यावरच जमा घालायचा, हे हिशेब पुस्तिकेत लिहून घेतले.

आज सकाळी ग्राहकाने चाचणीसाठी एका डॉलरएवढी रक्कम पाठवली. खजिनदारांनी आणि मी शेजारी बसून आपापल्या यंत्रावर पत्ता मोठ्याने वाचला, ते एक अक्षर वाचत आणि मी पुढचे. मग एक डॉलर जमा घातला आणि व्यवहाराचा हॅश व्हाउचरवर हाताने उतरवून घेतला. खजिनदारांना चौसष्ट अक्षरे हाताने लिहिण्याचे प्रयोजन कळेना, तेव्हा मी त्यांना खोडरबर नसलेल्या त्या टेबलाची गोष्ट सांगितली.

बंदरवाट

हॅश छापून चिकटवला तरी चालेल, हाताने लिहिताना आकडे उलटसुलट होतात. मी अनुभवाने सांगतो.

जमाखर्च

मान्य. दुपारी पुन्हा ताडून पाहिला, तेव्हा एकोणिसावे अक्षर चुकलेले निघाले. व्हाउचर तसेच ठेवले आहे आणि त्याखाली दुरुस्तीचे दुसरे जोडले आहे.